गिर्यारोहकांचा संत आणि आपली कुलुपे

कॅथलिक परंपरेत प्रत्येक व्यवसायाला आणि प्रत्येक संकटाला एकेक आश्रयदाता संत लाभलेला आहे. डोंगर चढणाऱ्यांनाही आहे. कोणाला वाटेल, की या संताने आयुष्यभर शिखरे सर केली असतील, बर्फाच्छादित सुळक्यांवर क्रूस रोवले असतील. तसे नाही. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी ज्यांना आल्प्सवासीयांचे आणि गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, ते संत बर्नार्ड कोणत्याही शिखरामुळे प्रसिद्ध नाहीत. ते एका दारामुळे प्रसिद्ध आहेत. इ. स. १०५०च्या सुमारास त्यांनी आजच्या इटली आणि स्वित्झर्लंड यांच्यामधील खिंडीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४७० मीटर उंचीवर, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. ती आजही चालू आहे. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गाडला जातो, तेव्हाही व्रतस्थ तेथे राहतात आणि पायी येणाऱ्याला दार उघडतात. पाहुण्याला ऊब, अन्न आणि अंथरूण देणे हाच तेथील साधनेचा भाग आहे.

ही निवड अज्ञानातून झाली, असेही कोणी समजू नये. अकरावे पायस हे पोप होण्यापूर्वी आकिल्ले रात्ती नावाचे मिलानचे विद्वान धर्मगुरू होते आणि ते स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मोंते रोझा या पर्वताचे ४,६३४ मीटर उंचीचे शिखर त्याच्या बिकट पूर्व बाजूने गाठले आणि शिखराजवळच्या अरुंद कातळावर उघड्यावर रात्र काढली. आपल्यासारख्यांचा संत निवडण्याची वेळ आली, तेव्हा या माणसाने विक्रमवीर निवडला नाही, यजमान निवडला. ज्याने कधी काळी कातळावर कुडकुडत रात्र काढली आहे, त्यालाच उघड्या दाराची किंमत कळते.

आजचा वाद मला याच मुद्द्यावर घालायचा आहे. आपण कॅथलिक कुटुंबे प्रवाशाचे संत पूजतो, पण प्रवाशाला घरात घेत नाही. आणि ही कुचराई सौजन्यातली नसून श्रद्धेतली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सिद्ध करण्यासाठी मी एक उदाहरण जाणूनबुजून असे घेतो, की जे आपल्यापैकी अनेकांना मुळीच रुचणार नाही: लग्न झालेले एक तरुण जोडपे कामधंदा काही महिने बाजूला ठेवते, एका जुन्या मोटारीत अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, भांडी आणि प्रस्तरारोहणाचे दोर टाकते आणि कड्यामागून कडा चढत रस्तोरस्ती फिरते.

अमेरिकेत ही रीत आता जुनी झाली आहे. हिवाळ्यात दक्षिणेकडील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जोशुआ ट्रीच्या ग्रॅनाइटवर, वसंतात युटा राज्यातील इंडियन क्रीकच्या तांबड्या वालुकाश्मावर, उन्हाळ्यात वायोमिंगच्या थंड पहाडांत आणि पानगळीच्या दिवसांत पूर्वेकडे केंटकी राज्यातील रेड रिव्हर गॉर्ज येथे, असे ऋतूंबरोबर सरकत जाणारे हे जीवन आहे. गाडी हेच घर. अंघोळ मिळेल तेथे आणि मिळेल तेव्हा. पाऊस लागला, की गावातील सार्वजनिक वाचनालयात दिवस काढायचा. रात्री एखाद्या मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर झोपायचे. पैसा मोजका आणि डाळ-तांदूळ त्याहून मोजके.

या जीवनात जोडीदार म्हणजे केवळ सोबती नव्हे. एक वर चढत असताना दुसरा खाली उभा राहून दोर सांभाळतो. गिर्यारोहक याला ‘बिले देणे’ म्हणतात. चढण्यापूर्वी दोघे एकमेकांची गाठ आणि कमरेचा पट्टा तपासतात. स्वतःची गाठ स्वतः तपासली एवढ्यावर भागत नाही. ती दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जावी लागते. वरचा घसरला, तर खालच्याच्या हातातील दोर त्याला झेलतो. विवाहाच्या वेदीवर दिलेले वचन इतक्या उघडपणे, दिवसातून दहा वेळा, हातांनी पाळण्याची संधी किती संसारांना मिळते? आणि रविवारी हेच जोडपे कधी न पाहिलेल्या गावातील चर्चमध्ये जाते, तेव्हा तेथे तीच मिस्सा असते, तीच भाकर मोडली जाते. ‘कॅथलिक’ या शब्दाचा अर्थ पुस्तकात वाचलेला असतो. रस्त्यावर तो अनुभवाला येतो.

येथवर ठीक. परंतु मिस्सा संपल्यावर काय होते? शेजारच्या बाकावरील माणसाशी शांतीचे हस्तांदोलन झालेले असते, स्मितहास्य झालेले असते आणि पंधरा मिनिटांत वाहनतळ रिकामा होतो. ‘कोठून आलात? आज कोठे जेवणार?’ हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही. काही धर्मग्राम विचारतात, हे मान्य. त्यांना माझे वंदन. ज्यांना हे प्रश्न सुचत नाहीत, त्यांच्याशीच माझे भांडण आहे, आणि त्यांत आपले धर्मग्रामही येतात.

मग या भटक्यांना आसरा देतो कोण? रेड रिव्हर गॉर्जजवळ स्लेड नावाचे छोटे गाव आहे. तेथे १९८४ साली मिगेल आणि सुझन व्हेंचुरा या दांपत्याने एक लहानसे दुकान उघडले. आधी आइस्क्रीम, मग पिझ्झा. दोर खांद्यावर टाकून येणाऱ्या फाटक्या तरुणांना त्यांनी हाकलले नाही. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकू दिले. आज जगभरातील प्रस्तरारोहकांना त्या दुकानाचे नाव ठाऊक आहे. त्याच परिसरात रिक आणि लिझ वेबर या दुसऱ्या दांपत्याने शेकडो एकरांची एक कातळदरी स्वतःच्या पैशाने विकत घेतली. तेथे वाटा काढल्या, चढाईचे मार्ग सुरक्षित केले, ती दरी सर्वांना खुली केली आणि २०१५ साली गिर्यारोहकांच्या विश्वस्त संस्थेला दान करून टाकली. ज्यांना कधी पाहिलेही नाही, अशा माणसांसाठी जन्माची पुंजी मोकळी सोडणे याला शुभवर्तमानाच्या भाषेत काय म्हणतात, ते वाचकांनीच ठरवावे. ही माणसे कोणत्या चर्चमध्ये जातात, हा येथे प्रश्नच नाही. यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाजवळ थांबलेला शोमरोनीही ‘आपल्यातला’ नव्हता.

आता आक्षेपांकडे वळू. ते नेहमीचेच आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही एकदाच आणि सविस्तर दिलेली बरी.

पहिला आक्षेप असा, की कडे चढणे म्हणजे परमेश्वराची परीक्षा पाहणे होय. प्रभू येशूला सैतानाने मंदिराच्या शिखरावर उभे करून खाली उडी टाकण्यास सुचविले आणि प्रभूने ते धुडकावले, हा दाखला यासाठी हमखास दिला जातो. तो दाखला देणाऱ्यांनी पुन्हा वाचावा. सैतानाने ‘चढ’ म्हटले नव्हते, ‘उडी टाक’ म्हटले होते. देवदूत झेलतील या भरवशावर उडी टाकणे ही परीक्षा. गाठ तपासून, दोर बांधून, हवामान पाहून आणि वेळीच माघार घेण्याची तयारी ठेवून चढणे हा विवेक. अकराव्या पायस यांनी संत बर्नार्डविषयीच्या १९२३च्या त्याच पत्रात गिर्यारोहण आणि बेफिकिरी यांतील हा भेद स्पष्ट केलेला आहे. धोका उरतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या मुलांना दुचाकीवरून महामार्गावर रोज पाठवणाऱ्या आपण तरी धोक्याविषयी जरा बेतानेच बोलावे.

दुसरा आक्षेप: लग्न झाले, आता संसाराला लागावे, हे हुंदडणे कसले? गंमत अशी, की हाच आक्षेप घेणारी मंडळी लग्नाच्या मंडपावर, बँडवर आणि मेजवानीवर लाखो रुपये उधळतात. नवदांपत्याला विमानाने स्वित्झर्लंडला धाडतात आणि त्याला कोणी हुंदडणे म्हणत नाही. म्हणजे फिरण्याला हरकत नाही. गरिबीने फिरण्याला हरकत आहे. हॉटेलात उतरणारे जोडपे प्रतिष्ठित आणि अंगणात तंबूपुरती जागा मागणारे जोडपे उडाणटप्पू! हा निकष ख्रिस्ताचा नाही, बाजाराचा आहे.

ख्रिस्तसभेच्या पहिल्या पिढीतील सर्वांत आदरणीय दांपत्य कोणते? अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून घालवले, तेव्हा ते करिंथला आले. धंदा तंबू करण्याचा. पौलाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्याबरोबर ते इफिसला गेले, पुढे पुन्हा रोमला परतले. आणि जेथे त्यांचे बिऱ्हाड, तेथे ख्रिस्तसभा जमत असे. रस्त्यावरचे हे जोडपे कधी पाहुणे होते, कधी यजमान. लॅटिन भाषेत तर पाहुणा आणि यजमान या दोघांना एकच शब्द आहे. हॉटेल, हॉस्पिटल आणि धर्मशाळेचे युरोपीय नाव ही सारी त्याच मुळाची पिले. त्यांतील पहिल्या दोघांची बिले आपण मुकाट्याने भरतो आणि तिसरीचा मात्र विसर पडतो.

आणि जवळचे उदाहरण हवे असेल, तर कॅरोल वोयतिवा या पोलिश धर्मगुरूंचे घ्या. १९५०च्या दशकात ते तरुण-तरुणींना आणि नवविवाहित जोडप्यांना घेऊन डोंगरांत आणि सरोवरांवर जात. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूने तरुणांचे गट असे बाहेर नेणे निषिद्ध होते, म्हणून ते साध्या कपड्यांत असत आणि सर्वजण त्यांना ‘मामा’ या अर्थाच्या पोलिश शब्दाने हाक मारीत. उलट्या घातलेल्या होडीची वेदी आणि वल्ही बांधून केलेला क्रूस, अशी मिस्सा तेथे होई. १९५८च्या उन्हाळ्यात आपली बिशपपदी नेमणूक झाल्याचे त्यांना कळले, तेव्हाही ते अशाच नौकासहलीवर होते. त्या जोडप्यांशी झालेल्या गप्पांतून विवाहविषयक चिंतन आकाराला आले आणि १९६० साली ‘प्रेम आणि जबाबदारी’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे जग त्यांना पोप दुसरे जॉन पॉल म्हणून ओळखू लागले. हुंदडणे म्हणतात ते हेच असेल, तर आपल्या तरुणांच्या नशिबी ते अधिक येवो!

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: ही फुकटेगिरी नव्हे काय? याचे उत्तर ख्रिस्तसभेने पहिल्या शतकांतच देऊन ठेवले आहे. ‘दिदाखे’ हा प्राचीन ग्रंथ सांगतो, की वाटसरू आला तर त्याला शक्य ती मदत करावी, पण त्याने दोन किंवा फार तर तीन दिवस राहावे. कायमचे राहायचे असेल तर काम करून जेवावे. किती व्यवहारी शहाणपण! पाहुणचाराला मर्यादा असावी, हे खरे. पण मर्यादा ही दार उघडल्यानंतरची गोष्ट आहे, दार न उघडण्याची सबब नव्हे.

पाहुण्याचेही काही कर्तव्य असतेच आणि उत्तम गिर्यारोहकांनी ते कातळाच्या बाबतीतही पाळले आहे. १९६७ साली योसेमिटीच्या खोऱ्यात रॉयल रॉबिन्स आणि त्यांची पत्नी लिझ यांनी ‘नटक्रॅकर’ नावाचा नवा मार्ग चढताना कातळात एकही पोलादी मेख ठोकली नाही; भेगांत हाताने बसवता आणि काढता येतील अशा धातूच्या गुट्ट्या वापरल्या. मेखांनी कातळाला कायमचे व्रण पडत होते. या दांपत्याने व्रण मागे न ठेवता जाता येते, हे दाखवून दिले. यजमानाच्या भिंतीला खिळे ठोकू नयेत, एवढी साधी ही नीती आहे. ज्याने हे जाणले, तो आपल्या अंगणातही कचरा टाकून जाणार नाही.

चौथा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. काळ बदलला, गावे फुगली, अनोळखी माणूस दारात उभा राहिला की छातीत धस्स होते. घरात म्हातारी माणसे असतात, लेकीसुना असतात. हे सारे खरे. पण पूर्वीचे रस्ते काही देवदूतांनी भरलेले नव्हते. म्हणूनच संत बेनेदिक्ताने आपल्या नियमावलीत प्रत्येक पाहुण्यात ख्रिस्ताचे स्वागत करण्यास सांगितले आणि त्याचबरोबर दारावर एखादा वयस्क, शहाणा मठवासी नेमण्यासही सांगितले. आरंभीच्या ख्रिस्तसभेत प्रवासी आपल्या मंडळीचे शिफारसपत्र बरोबर नेत. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवरील यात्रेकरू आजही यात्रापुस्तिका जवळ बाळगतात आणि ती दाखवून मुक्कामाच्या धर्मशाळांत रात्र काढतात. आपल्या धर्मगुरूंनी दोन ओळींचे पत्र द्यावे, दुसऱ्या धर्मगुरूंनी दूरध्वनी करून खातरजमा करावी: यात अशक्य काय आहे? भीतीवर उपाय सापडतात. पण ते शोधण्याची इच्छा असावी लागते.

नव्या करारात योहानाचे तिसरे पत्र आहे. एका पानाचे, म्हणून आपण ते उलटून जातो. ते सारे पत्र याच एका विषयावर आहे. गायस नावाचा गृहस्थ परक्या प्रवासी बंधूंना घरात घेतो, म्हणून योहान त्याची प्रशंसा करतो. आणि दियत्रफेस नावाचा पुढारी त्यांना स्वतः स्वीकारीत नाही, वर स्वीकारू पाहणाऱ्यांनाही अडवतो, म्हणून त्याची कानउघाडणी करतो. ध्यानात घ्या, दियत्रफेसने क्रूस नाकारला, पुनरुत्थान नाकारले, असे योहान म्हणत नाही. त्याला पहिले स्थान हवे होते आणि त्याने दार बंद केले, दोष एवढाच. आणि तेवढा दोष पवित्र शास्त्रात कायमचा नोंदला गेला. आपल्या धर्मग्रामाच्या सभेत ‘उगाच नसती जोखीम कशाला?’ म्हणून प्रत्येक सूचना मोडीत काढणाऱ्या सद्‌गृहस्थांनी हे पत्र एकदा उभ्याने वाचावे.

आता आपल्या सह्याद्रीकडे पाहू. हरिश्चंद्रगडाच्या किंवा राजगडाच्या वाटेवर ज्यांनी पाय मळवले आहेत, त्यांना विचारा. पायथ्याच्या वस्तीत रात्री-अपरात्री पोहोचलेल्या पोरांना ओसरीवर पथारी कोण टाकू देते? चुलीवरची पिठले-भाकरी कोण वाढते? गडावरच्या देवळात झोपताना त्यांना जात कोण विचारते? ज्यांची उद्याची भाकरीही पक्की नाही, अशी डोंगरकपारीतील आदिवासी आणि शेतकरी कुटुंबे हे करीत आली आहेत. त्यांनी इब्री लोकांस लिहिलेले पत्र वाचलेले नाही, की पाहुणचार करता करता काहींनी नकळत देवदूतांना घरात घेतले हे त्यातील स्मरण त्यांच्या कानी पडलेले नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, एवढे त्यांना ठाऊक आहे. आणि तेवढ्यावर ते आपल्यापेक्षा पुढे गेले आहेत.

आपल्याकडे पाहुणचार नाही, असे कोण म्हणेल? धर्मग्रामाच्या सणाला घराघरांतून पंगती उठतात, ताटे सजतात, कोणी उपाशी परतत नाही. पण त्या पंगतीत बसते कोण? ज्यांच्या सणाला आपण जेवून आलो, ते. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने नेमके याच पंगतीवर बोट ठेवले आहे: जे परतफेड करू शकतील त्यांना नव्हे, जे करू शकणार नाहीत त्यांना बोलवा. परतफेडीचा पाहुणचार ही उसनवारी आहे. ती चांगली गोष्ट आहे, शेजारधर्म आहे. पण तिला ख्रिस्ती सद्‌गुण म्हणून मिरवण्याचे कारण नाही.

मग करावे काय? १९३३ साली अमेरिकेत डोरोथी डे आणि पीटर मोरिन यांनी ‘कॅथलिक वर्कर’ची चळवळ सुरू केली आणि बेघरांसाठी अतिथिगृहे उघडली. मोरिन यांचा आग्रह असे, की प्रत्येक धर्मग्रामात असे घर आणि प्रत्येक कुटुंबात ख्रिस्तासाठी राखलेली एक खोली असावी. कल्पना त्यांची नवी नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्तोम यांनी आपल्या श्रोत्यांना हेच सांगितले होते. मी खोलीचा आग्रह धरीत नाही. आमची घरे लहान आहेत, हे मी जाणतो. पण प्रत्येक धर्मग्रामात सभागृह आहे, शाळेचे वर्ग आहेत, उन्हाळ्याच्या सुटीत ते रिकामे पडलेले आहेत. त्यांतील एक वर्ग, चार चटया, पाण्याचा नळ, एक स्वच्छ संडास आणि किल्ली सांभाळणारे एखादे निवृत्त दांपत्य, एवढ्यावर संत बर्नार्डची खिंड आपल्या गावात उघडू शकते. मुक्काम तीन दिवसांचा, पत्र धर्मगुरूंचे, जेवण आळीपाळीने एकेका घरचे. येणारे जोडपे कडे चढणारे असो, सायकलने देश पाहणारे असो, की रुग्णाला घेऊन शहरातील इस्पितळात आलेले असो, नियम एकच.

यात लाभ कोणाचा होईल, हेही सांगून टाकतो. पाहुण्याला दोन रात्रींचा आसरा मिळेल. पण आपल्या मुलांना जग भेटेल. आपली मुले ज्या वयात मोबाइलच्या काचेतून अनोळखी माणसांची आयुष्ये पाहतात, त्या वयात त्यांना एक खरेखुरे अनोळखी जोडपे समोर बसून जेवताना दिसेल. हातांना कातळाने पडलेले घट्टे, खांद्यावर दोराचे वळ आणि ओठांवर जेवणापूर्वीची प्रार्थना. श्रद्धा ही घरात बसून जपायची ठेव नसून बरोबर घेऊन चालायची शिदोरी आहे, हे शंभर प्रवचनांनी जे साधत नाही, ते अशा एका जेवणाने साधेल.

संत पिएर जॉर्जो फ्रस्साती यांना ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद बहाल झाले. तुरीनचा हा श्रीमंत घरचा तरुण डोंगर चढत असे आणि झोपडीझोपडीत जाऊन आजाऱ्यांची सेवा करीत असे. १९२५ साली चोविसाव्या वर्षी तो वारला. त्याचे कातळ चढतानाचे छायाचित्र आता आपल्याही चर्चमधून लागेल, त्याखाली फुले वाहिली जातील, त्याच्या नावाने युवक मंडळे निघतील. निघोत. पण त्या छायाचित्रातील तरुण पाठीवर पिशवी घेऊन संध्याकाळी आपल्या धर्मग्रामाच्या फाटकाशी उभा राहिला, तर त्याला फाटकावर काय दिसेल, एवढे आपण आजच जाऊन पाहून यावे.

अम्माऊसच्या वाटेवर त्या दोघांनी परक्या वाटसरूला ‘आमच्याबरोबर राहा’ असे म्हटले, म्हणून त्यांना भाकर मोडताना प्रभूची ओळख पटली. त्यांच्यापैकी एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव लूक सांगत नाही आणि ती क्लयपाची पत्नी असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्या संध्याकाळी दिवस उतरला होता आणि रस्ते तेव्हाही सुरक्षित नव्हते. त्या घराने आपली कडी आतून लावून घेतली असती, तर प्रभू पुढे निघून गेला असता. तो पुढे जाण्याच्या बेतात होता, असे लूकने स्पष्टच लिहून ठेवले आहे.